पार्किंगमधला चरक

या पुणे शहरात जे जे अवजड यंत्र चालायचं थांबतं, ते ते आज ना उद्या आमच्या साडूंच्या अंगावर येतं, आणि ते आलं की साडू सगळ्या जगावर रागावतात. माझ्या थोरल्या मेव्हणीचे हे यजमान तरुणपणापासून एकच धंदा करत आले आहेत: बंद पडलेली यंत्रं एका जागेवरून उचलायची आणि दुसऱ्या जागी नेऊन ठेवायची. बेकरीतलं कणीक मळायचं यंत्र, छापखान्यातलं कागद कापायचं धूड, बर्फाच्या कारखान्यातला कॉम्प्रेसर, दवाखान्यातलं एक्स-रेचं यंत्र, जनरेटर, गिरण्या, असं काय वाटेल ते त्यांच्या ट्रकवर चढलेलं मी पाहिलेलं आहे. ज्या दारातून मला छत्री उघडून बाहेर पडता येत नाही, त्या दारातून हे गृहस्थ दोन टनांचं यंत्र एक ओरखडा न उठवता बाहेर काढतात. मात्र चालू यंत्राला ते हात लावत नाहीत, नुसत्या फळ्या टाकून देतात. "जे स्वतः चालतंय त्याला माझी काय गरज? त्याने आपलं आपण यावं," असं ते म्हणतात. हा विनोद नव्हे. साडूंना विनोद करताना मी अजून पाहिलेलं नाही.

त्यांचा मूळ राग यंत्रांवर नाही, यंत्रांच्या मालकांवर आहे. मार्केट यार्डाजवळ त्यांचं एक खोलीएवढं ऑफिस आहे, पण सकाळचे फोन ते घरूनच घेतात, आणि बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत ते तळमजल्यावर आणि मी त्यांच्या बरोबर डोक्यावर, एक मजला सोडून, दुसऱ्या मजल्यावर राहत असल्यामुळे ते फोन मलाही घ्यावे लागतात. (तो तळमजल्याचा फ्लॅट त्यांना मीच बघून दिला. माणूस तरुणपणी चुका करतो.) फोन उचलला की त्यांचा पहिला प्रश्न असतो, "चालू आहे की बंद?" नाव नाही, गाव नाही, नमस्कार नाही. आता या प्रश्नाला अर्थ आहे हे मलाही मान्य आहे. चाकांचं यंत्र चालू असेल तर दोन फळ्या टाकल्या की ते स्वतः ट्रकवर चढतं. बंद असेल तर त्याला ओढून घ्यायला विंच लागतो, साखळ्या लागतात, पहारी लागतात, खाली सरकवायला लोखंडी पाइप लागतात, आणि चढताना ते मागे घसरलं तर आवरायला ब्रेकही नसतो, म्हणून प्रत्येक वितीला चाकामागे लाकडी ठोकळा लावत जावं लागतं. म्हणजे बंद यंत्राला चालू म्हणणारा माणूस साडूंचा दिवस बुडवतो आणि एखाद्याचा पायही घालवू शकतो. आणि तरीही पुण्यातला प्रत्येक माणूस, शिकलेला असो वा नसो, या प्रश्नाला एकच उत्तर देतो: "चालूच आहे हो, फक्त बॅटरी उतरलीय."

हे वाक्य कानावर पडलं की आमच्या दुसऱ्या मजल्यावरची भांडी वाजतात. एकदा एका कारखान्याच्या मॅनेजरने असंच बॅटरी उतरलेला जनरेटर न्यायला त्यांना बोलावलं. साडूंनी झाकण उघडलं तर आत इंजिनच नव्हतं. "इंजिन कुठे आहे?" असं त्यांनी विचारलं. "ते होय, ते काढून विकलं मागच्या वर्षी," असं मॅनेजर शांतपणे म्हणाला, "पण बाकी सगळं चालू आहे." साडू तिथेच एका खोक्यावर बसले आणि त्यांनी त्या मॅनेजरला त्याच्याच कारखान्याच्या कागदावर, त्याच्याच अक्षरात, 'मी खोटं बोललो' असं लिहायला लावलं. तो कागद त्यांनी ऑफिसात भिंतीवर लावला आहे. तिथे असे आणखी बरेच आहेत.

उलट त्यांच्या शब्दाची पत काय वर्णावी. नेलेल्या प्रत्येक यंत्राच्या पावतीवर ते निळ्या जाड पेन्सिलीने स्वतः तपासून 'चालू' किंवा 'बंद' असं लिहितात. ती पेन्सिल पाहून लोक जुनी यंत्रं न बघता घेतात. ही सवय त्यांच्या अंगात इतकी भिनली आहे की मुलीसाठी स्थळ बघायला गेले असताना मुलाची आई म्हणाली, "आमचा राहुल स्वभावाने जरा शांत आहे," तर साडूंनी भरल्या बैठकीत विचारलं, "शांत म्हणजे चालू आहे की बंद?" ते स्थळ गेलं. मेव्हणी महिनाभर बोलली नाही. साडूंचं म्हणणं एवढंच, की मी विचारलं ते काय चुकीचं विचारलं.

त्यांचा दुसरा नियम असा, की यंत्राचा मालक ट्रकच्या केबिनमध्ये त्यांच्याशेजारी बसलाच पाहिजे. "घरचं माणूस बरोबर लागतं," एवढंच ते सांगतात. आमच्या चिरंजिवांचं व्यायामाचं चालायचं यंत्र, ज्यावर आम्ही तीन वर्षं टॉवेल वाळत घातले आणि जे अखेर टॉवेलांनीच बंद पडलं, ते कोथरूडला पोचवताना त्यांनी मला बिबवेवाडीपासून केबिनमध्ये बसवून नेलं. निघण्याआधी अर्धा तास ते हातात चहा घेऊन त्या यंत्राकडे नुसते बघत उभे होते. मी म्हणालो, "अहो भाऊ, उचलायचं आणि ठेवायचं, त्यात बघायचं काय?" त्यावर ते म्हणाले, "तुम्ही लग्नाच्या वेळी बघितलं होतंत ना? की नुसतंच उचललंत?" ही घरात धाकट्या साडूशी बोलायची रीत झाली का, ते वाचकांनीच ठरवावं. बायकोकडे तक्रार करून उपयोग नसतो, कारण तिच्या ताईचे यजमान कधी चुकत नाहीत.

तर असा हा माणूस, आणि गेल्या हिवाळ्यात त्याला मांजरी गावाहून एका म्हातारीचा फोन आला.

मी तेव्हा त्यांच्याकडे चहाला बसलो होतो, म्हणून दोन्ही बाजू ऐकल्या. उसाचा चरक होता, गुऱ्हाळातला मोठा, आणि तो फिरवायचं जुनं डिझेल इंजिन. यवतजवळ तिच्या भाच्याकडे न्यायचा होता. साडूंनी विचारलं, "चालू आहे की बंद?" पलीकडून खणखणीत उत्तर आलं, "चालू हाय की." बॅटरीचं नाव नाही, मागचंपुढचं काही नाही. साडूंनी फोन ठेवला आणि मेव्हणीला म्हणाले, "बाई सरळ बोलते. दुर्मिळ आहे." रविवार होता आणि मला काही काम नव्हतं, म्हणून मीही बरोबर गेलो. इंजिन चालू असलं की ते स्वतः वर चढतं आणि चरकालाही दोराने ओढून घेतं, म्हणून साडूंनी फक्त फळ्या आणि दोर घेतले. चरक जागेवर उतरवायला त्यांची दोन नेहमीची माणसं लागणारच होती, ती मागे बसली.

मांजरीला चहूबाजूंनी नव्या इमारती आणि मध्ये एक पत्र्याची शेड उरली होती. म्हातारीच्या मुलाने जमीन इमारतीला दिली होती, बदल्यात सातव्या मजल्यावर घर आलं होतं, आणि शेड त्या आठवड्यात पाडायची होती. आत चरक उभा होता आणि त्याच्या मागे चार लोखंडी चाकांच्या गाड्यावर इंजिन. साडूंनी त्याच्या मोठ्या चाकाला हात घातला. चाक हललं नाही. दोन्ही हात घातले, मग पाय लावला. मग त्यांनी धुराड्यात बोट घातलं, तर आतून गवताचा पेंढा आणि चिमणीची पिसं निघाली. त्यांचा चेहरा मी पाहत होतो. एरवी या क्षणी मालकाला कागद-पेन आणायला सांगितलं असतं. पण समोर नऊवारीतली सत्तरीची बाई तेलाचा डबा घेऊन उभी होती, तिच्यावर ओरडता येईना, म्हणून ते माझ्यावर ओरडले. मी तिथे का आलो, मला घरी उद्योग नाही का, सोसायटीचा सेक्रेटरी म्हणवतो आणि साधं एक इंजिन लांबून ओळखता येत नाही, असं बरंच काही मला ऐकवण्यात आलं.

म्हातारी म्हणाली, "परवाच्याला चालू व्हतं."

"परवा म्हणजे कधी?" असं साडूंनी माझ्याकडे बघतच तिला विचारलं.

"हे व्हते तवा."

तिचे मालक जाऊन किती वर्षं झाली ते विचारायची आमची छाती झाली नाही. तीच पुढे सांगत राहिली. भाचा नवं गुऱ्हाळ काढतो आहे, त्याला चरक हवा आहे. चरक गेला की हंगामाचे चार महिने तीही तिथे जाऊन राहणार, कारण कढईतला रस कधी उतरवायचा ते भाच्याच्या घरात कुणाला कळत नाही आणि तिला कळतं. "सातव्या मजल्यावर मी नुसती बसून असते," ती म्हणाली. "लिफ्टात जीव घाबरतो, म्हनून खाली बी येत न्हाई. तितं गेले म्हंजे हाताला काम हाय."

विंच नव्हता, साखळ्या नव्हत्या. साडूंनी शेजारच्या बांधकामावरून पाइप मागून आणले, पहारींनी यंत्र वितीवितीने उचललं, ठोकळे लावले, दोर ट्रकच्या दांड्याला फिरवून माणसांकरवी ओढलं, आणि सकाळी दहाला सुरू केलेलं काम दुपारी चारला संपवलं. सहा तास ते मला शिव्या देत होते आणि म्हातारीला "आजी, तुम्ही सावलीत बसा" म्हणत होते. शेवटी ती केबिनमध्ये आमच्या दोघांच्या मध्ये बसली, मांडीवर तेलाचा डबा घेऊन, आणि आम्ही सोलापूर रस्त्याला लागलो.

लोणी गेल्यावर भाच्याचा फोन आला. साडू स्वतः ट्रक चालवत होते, म्हणून मी फोनचा आवाज मोठा करून धरला. भाचा आदराने बोलत होता. "तुमचं नाव ऐकून हाय," तो म्हणाला. "तुमी म्हनाल ते खरं. आत्या म्हंती चालू हाय. चालू हाय ना?"

साडू म्हणाले, "बंद आहे. इंजिन जाम आहे."

विचार करायला त्यांनी वेळच घेतला नाही. असं उत्तर त्यांनी आयुष्यभर दिलेलं आहे, ते तोंडातून आपोआप येतं. पलीकडून भाचा म्हणाला, "मग हिकडं आनू नका. मला हंगाम धरायचाय, मी दुसरा बगतो. तितंच कुटंतरी भंगारात घाला आन् आत्याला घरी सोडा." आणि त्याने फोन ठेवला.

म्हातारीने सगळं ऐकलं होतं. ती समोरच्या रस्त्याकडे बघत होती. मांडीवरच्या डब्याचं झाकण घट्ट करत म्हणाली, "खरं बोलला तुमी. खरं बोलायलाच पायजे मानसानं."

साडूंनी पुढच्या वळणावर ट्रक फिरवला. म्हातारीला मांजरीला उतरवलं, पण चरक उतरवला नाही. तिथून बिबवेवाडीपर्यंत त्यांनी एकाही दुचाकीवाल्याला शिवी दिली नाही, तेव्हाच मला काळजी वाटायला लागली.

तो चरक आणि ते इंजिन आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पाहुण्यांच्या गाडीसाठी राखून ठेवलेल्या जागेवर येऊन बसलं. "दोन दिवस," साडू म्हणाले. आता मी त्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे आणि ते माझे साडू आहेत, म्हणजे रहिवाशांच्या दृष्टीने तो चरक माझाच होता. माझ्या पेटीत पत्रं पडू लागली. 'सदर चरकामुळे आमच्या वाहनास वळण घेता येत नाही.' 'सोसायटीत गुऱ्हाळ सुरू झाल्याबद्दल अभिनंदन. रस किती वाजता मिळेल?' 'आले-लिंबू घालणार की नाही ते कळवावे.' हे शेवटचं पत्र आमच्या अध्यक्षांचं होतं. दोन दिवसांचे दोन महिने झाले. या काळात साडूंनी, ज्यांनी जन्मभर "मी हलवणारा आहे, दुरुस्त करणारा नाही" असं ठणकावून सांगितलं होतं, हातात पाना घेतला. इंजिनात रॉकेल सोडून ठेवलं, ठोकलं, तापवलं. तीन मेकॅनिक आणले आणि तिघांनाही हाकलून दिलं, कारण तिघेही एकच सांगत होते, की याचे भाग आता मिळत नाहीत. दर रविवारी म्हातारी बसने यायची. लिफ्टला घाबरणारी ती बाई दोन बस बदलून बिबवेवाडीला यायची, चरकाचे रूळ फडक्याने पुसायची, तेल द्यायची, आणि मग प्लास्टिकच्या खुर्चीवर त्याच्या शेजारी तासभर बसायची. साडू बाजूला इंजिनात डोकं घालून. मेव्हणी घरात चहा करून बाहेर पाठवायची, आणि तो नेऊन द्यायला मलाच सांगायची.

शेवटी रहिवाशांच्या आग्रहावरून मला सभा बोलवावी लागली. आमच्या सभा पार्किंगमध्येच भरतात, रविवारी सकाळी, आणि त्या दिवशी चरकाशेजारच्या खुर्चीवर म्हातारी बसलेली होती. तिला जा कसं म्हणणार? सोसायटीचा नियम स्पष्ट आहे. चालू वाहन किंवा यंत्र सभासदाला आपल्या जबाबदारीवर आवारात ठेवता येतं, बंद ठेवता येत नाही, ते भंगारवाल्याला बोलावून हलवलं जाईल. हा नियम कुणी लिहिला? मीच लिहिला, आणि ज्या जुन्या स्कूटरसाठी लिहिला ती अजून तिथेच आहे. अध्यक्ष सरळ माणूस आहेत, निवृत्त न्यायालयीन अधिकारी. त्यांनी नियम मोठ्याने वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "आपण या धंद्यातले आहात. आपला शब्द आम्ही मानू. एकच सांगा. हे यंत्र चालू आहे की बंद?"

चोवीस फ्लॅटमधली माणसं साडूंकडे बघत होती. त्यांच्या हाताला काळं तेल होतं. ते उठून उभे राहिले. मी वहीत आधीच 'बंद' लिहायला घेतलं होतं.

"चालू आहे," साडू म्हणाले.

"मग जरा सुरू करून दाखवता?"

"रिकामा चरक फिरवत नाहीत. रूळ खराब होतात. पुढच्या हंगामात ऊस आला की लावू."

इतका वाईट खोटं बोलणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. त्यांचे कान लाल झाले होते, आवाज कुणा दुसऱ्याचाच येत होता. पहिल्या मजल्यावरच्या ज्या बाईंनी सगळ्यात जास्त पत्रं लिहिली होती, त्या आपल्या पिशवीत काहीतरी शोधू लागल्या. अध्यक्षांनी पुन्हा चष्मा लावला आणि साडूंकडे बराच वेळ पाहिलं. मग मला म्हणाले, "सेक्रेटरी, लिहून घ्या. यंत्र चालू आहे. पुढचा विषय, पाण्याची टाकी." मी 'बंद' खोडलं आणि 'चालू' लिहिलं.

या गोष्टीचा मला जितका राग यायला हवा होता तितका आला नाही. राग आला तो नंतरच्या दिवसांचा. साडू सकाळी फोन उचलतात, "चालू आहे की बंद?" असं विचारतात, पलीकडचा काहीतरी सांगतो, आणि साडू म्हणतात, "बरं. येतो." बस. ओरडणं नाही, कागद-पेन नाही. ट्रकमध्ये फळ्याही घेतात, विंचही घेतात, साखळ्याही घेतात, आणि गुपचूप निघून जातात. ऑफिसच्या भिंतीवरचे कागदही त्यांनी काढून टाकले. मी म्हणालो, "भाऊ, अहो तो कालचा माणूस धडधडीत खोटं बोलत होता, मला वरपर्यंत कळलं. तुम्ही बोलला का नाही?" ते म्हणाले, "त्याचंही काही कारण असेल." हे उत्तर ऐकून मी जेवलो नाही. एक माणूस या शहरात खोट्यावर मनापासून रागवायचा, तोही गप्प बसला, आणि ते कशापायी, तर एका गंजलेल्या इंजिनापायी.

हा राग मी शेवटी मागच्या रविवारी म्हातारीवर काढायचं ठरवलं. साडू चहा आणायला घरात गेले होते. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "आजी, तुम्ही त्या दिवशी फोनवर चालू आहे म्हणून सांगितलंत, त्यातून हे सगळं झालं."

ती रूळ पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "मला तवाच ठावं व्हतं जाम हाय ते. आन् आता बी ठावं हाय. ते काय फिरत न्हाई आता."

"मग दर रविवारी दोन बस बदलून येता कशाला?"

"ते येवढं करत्यात म्हनून. चार लोकांत माझ्यापायी बोलले ते." तिने फडकं झटकलं. "त्यास्नी कळू देऊ नका, मला ठावं हाय म्हनून. त्यास्नी वाटू दे, म्हातारीला खरं वाटतंय."

तेवढ्यात साडू तीन कप घेऊन आले. म्हातारीने कप हातात घेतला आणि मोठ्याने म्हणाली, "यंदा ऊस चांगला हाय बगा. लई रस पडंल."

साडू तिच्याकडे न बघता म्हणाले, "पडेल की, आजी."

मला त्या दोघांचा इतका राग आला, की डोळ्यांत पाणी आलं. चहा गरम आहे असं सांगून मी वर निघून आलो.